विश्लेषण : बालविवाहाच्या आकड्यात नवरदेव कुठे आहे? परभणीत मुलांशी बोलणारे 'दादा' का हवेत?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयोगटातल्या ४८ टक्के तरुणींचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झाल्याचं समोर आलं. राज्यातलं हे सर्वाधिक प्रमाण. राज्याची सरासरी २१.९ टक्के होती.

हा ४८ चा आकडा त्यानंतर बैठकांत, भाषणांत, भिंतीवरच्या घोषणांत सगळीकडे फिरला. पण त्यात एक माणूस कधीच दिसत नाही. तो म्हणजे नवरदेव. या मुलींची लग्नं कुणाशी तरी झालीच ना? त्या मुलाचं वय काय होतं, तो काय करत होता, त्याला लग्न करायचं होतं का? पाहणीच्या जिल्हा माहितीपत्रकात मुलांच्या लग्नाच्या वयाची ओळच नाही. पुरुषांच्या मुलाखती कमी संख्येनं घेतल्या जातात, त्यामुळे त्यांची माहिती राज्याच्या पातळीवरच मिळते. राज्यात २५ ते २९ वयोगटातल्या साधारण दहा टक्के पुरुषांचं लग्न एकविशीच्या आत झालेलं होतं. परभणीत किती, ते या पत्रकातून कळत नाही.

जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी योजनाही होत नाही. मुलींसाठी मेळावे झाले, पालकांकडून शपथा घेतल्या, ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी केलं, १०९८ हा क्रमांक शाळाशाळांत लावला. हे सगळं हवंच. मुलाच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येतं: 'लग्न केलंस तर जेलमध्ये जाशील.' त्यापुढे त्याच्याशी कुणी बोलत नाही. म्हणून माझं मत असं की जिल्ह्याला आणखी एका मोहिमेपेक्षा, आठवड्यातले दोन तास मुलांसोबत बसणाऱ्या तरुण पुरुषांची जास्त गरज आहे. मानधनाशिवाय, वर्षभर, एकाच गावात.

हा नवरदेव असतो कोण?

गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातून दरवर्षी हजारो मजूर ऊसतोडीला जातात. तिथला हिशेब 'कोयत्या'वर चालतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकटा मुलगा गेला तर तो अर्धा कोयता. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचं लग्न लावलं की घरात एक अख्खा कोयता वाढतो आणि उचल हातात पडते. दुसरीकडे, आई-बाप सहा महिने फडावर असताना वयात आलेल्या मुलीला गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही तिच्या घरची भीती. दोन्ही घरांच्या अडचणी मांडवात एकत्र येतात.

या व्यवहारात मुलाला विचारलं जातं असं समजू नका. बऱ्याचदा तोही अजून एकविशीचा झालेला नसतो. पण तो नाही म्हणत नाही, कारण नाही म्हणायचं कसं हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. लग्न, बायको, पहिल्या वर्षात पोर, ही त्याच्या आजूबाजूला पुरुष असल्याची खूण आहे. 'अजून लहान आहे मी' असं म्हणणारा पोरगा पारावर आठ दिवस थट्टेचा विषय होतो.

कायदा त्याच्या कानावर अर्धाच पडलेला असतो. अठरा वर्षांवरच्या पुरुषानं अल्पवयीन मुलीशी लग्न केलं तर २००६ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे काहींना माहीत असतं. पण लग्न झालं तरी अठरा वर्षांखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१७ मध्ये दिला आणि नव्या भारतीय न्याय संहितेतही तेच वय कायम आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ती मुलगी बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात जाते, तिचं वय कागदावर येतं, डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं आणि पोक्सोचा गुन्हा दाखल होतो. विशीतला बाप तुरुंगात, सतरा वर्षांची आई बाळासह माहेरी. हे सगळं लग्नाआधी त्याला समजेल अशा भाषेत सांगणारा माणूस गावात कोण आहे?

बायको मिळत नाही, त्याचं काय?

दुसऱ्या टोकाला तीस-पस्तीस ओलांडलेले, लग्न न जमलेले तरुण आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अशा तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला होता. सोशल मीडियावर त्याची खूप टिंगल झाली. मला तो हसण्यासारखा वाटला नव्हता. शेतकरी मुलाला मुलगी मिळत नाही हे मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात विचारलं तरी ऐकायला मिळतं.

यामागे मुलींच्या अपेक्षा आहेत असं सहज म्हटलं जातं. त्याआधी एक आकडा बघा. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्या वेळी शून्य ते सहा वर्षांची असलेली मुलं आता मिसरूड फुटलेली आहेत, काहींची लग्नं ठरतायत. मुलगा हवा या हट्टाची किंमत त्याच मुलांच्या लग्नात वसूल होतेय. आणि हट्ट संपलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी शहरातल्या गंगाखेड नाका भागात, तिसरीही मुलगीच झाली म्हणून पतीनं पत्नीला पेटवून दिल्याचा गुन्हा दाखल झाला. ती वाचली नाही. बाळाचं लिंग वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, हे शाळेच्या विज्ञानात शिकवलं जातं. दोन मार्कांपुरतं.

पुरुषपणाचं शिक्षण कोण देतं?

शाळा नाही, हे नक्की. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला कुठल्या तारेवर किती भार झेपेल ते शिकवलं. माणसाचा भार मोजायचा विषय अभ्यासक्रमात नव्हता. होस्टेलवर जे शिकलो ते एकमेकांकडून, आणि ते सगळंच शहाणपणाचं नव्हतं.

पोरगा पडला, रडला की 'पोरीसारखा रडतोस काय'. घरात भांडी घासली तर 'बायकी'. लग्नानंतर बायकोचं ऐकलं तर 'ताटाखालचं मांजर'. हे सगळं घरात, मित्रांत चालतं असं मानलं तरी जाहीरपणे काय चालतं तेही पाहा. एखाद्या अधिकाऱ्यानं काम केलं नाही की आंदोलक त्याला बांगड्यांचा आहेर करतात आणि आपण माध्यमवाले त्याचा फोटो छापतो. सर्वपक्षीय प्रकार आहे हा. आंदोलनात महिलाही असतात. बांगडी म्हणजे कमजोरी, हा धडा दहा वर्षांच्या पोराला यापेक्षा सोप्या भाषेत कोण शिकवणार?

शिव्यांचंही तेच. आपल्या बहुतेक शिव्या आई-बहिणीवरून आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात सौंदाळा ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा शिव्या देणाऱ्याला पाचशे रुपये दंड करण्याचा ठराव केला. दंडानं तोंड किती बंद होईल ते सोडा, पण निदान हा विषय चावडीवर बोलण्यासारखा आहे हे एका गावानं मान्य केलं.

आणि या शिक्षणाची फी पुरुषही भरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यांतले १,२२,७२४ पुरुष होते. कर्ज, आजार, घरगुती ताण अशी कारणं वेगवेगळी असतील. पण अडचणीत आहे असं कुणाला तरी सांगणं हाच कमीपणा वाटणं, हे मराठवाड्यात शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या हाताळताना पुन्हा पुन्हा समोर येतं. घरच्यांचं वाक्य ठरलेलं असतं: 'काही बोललाच नाही हो.' (मन हलकं करायचं असेल तर सरकारचा टेलिमानस क्रमांक १४४१६ आहे. चोवीस तास, मोफत.)

महाराष्ट्रात हे काम आधी झालंय का?

झालंय, आणि सुरुवात एका जाहिरातीनं झाली. १९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये एक आवाहन छापलं. बायकोला मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत, असा त्याचा आशय. दोनशेहून अधिक पुरुषांनी उत्तर दिलं. त्यांच्यातून १९९३ मध्ये मुंबईत 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज', म्हणजे 'मावा', ही संस्था उभी राहिली. त्या पहिल्या फळीतले हरीश सदानी आजही तिचा चेहरा आहेत. 'पुरुष स्पंदनं' हा या संस्थेचा दिवाळी अंक वाचनालयात येणाऱ्यांना माहीत असेल.

२००६ मध्ये 'मावा'नं पुण्यातल्या कॉलेजांतून 'युवा मैत्री' उपक्रम सुरू केला आणि नंतर तो इतर जिल्ह्यांत नेला. पद्धत साधी. कॉलेजातले काही मुलगे निवडायचे, त्यांची निवासी शिबिरं घ्यायची, शरीर, नातेसंबंध, राग, हिंसा यांवर मोकळेपणानं बोलायचं. मग हीच मुलं आपल्या कॉलेजात आणि गावात पथनाट्य, भित्तिपत्रक, गटचर्चा यांतून पुढच्या मुलांशी बोलतात. काल शिबिरात बसलेला मुलगा उद्या गट चालवतो.

पुण्यातच २००९ पासून 'इक्वल कम्युनिटी फाउंडेशन' वस्त्यांमधल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलग्यांसोबत काम करते. त्याआधी मुंबईच्या वस्त्यांत 'कोरो' आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी 'यारी-दोस्ती' हा कार्यक्रम केला. त्याचं मूळ ब्राझीलमध्ये होतं. रिओच्या गरीब वस्त्यांत तरुणांसोबत तयार झालेली सत्रं मुंबईच्या मुलांच्या मदतीनं इथल्या भाषेत, इथल्या प्रसंगांत बसवली गेली.

मला सगळ्यात पटलेलं उदाहरण क्रिकेटचं आहे. 'परिवर्तन' नावाच्या उपक्रमात मुंबईतल्या शालेय क्रिकेट प्रशिक्षकांना आणि वस्तीतल्या तरुण मार्गदर्शकांना तयार केलं गेलं. सरावाच्या वेळीच प्रशिक्षकानं पोरांना जवळ बसवून एक विषय काढायचा. मुलीची छेड काढताना मित्र दिसला तर काय करशील? हरल्यावर राग आला की तो कुणावर निघतो? मग पुन्हा बॅट हातात. वेगळं व्याख्यान नाही, प्रमाणपत्र नाही. पोरं ज्याला मानतात त्याच्या तोंडून ऐकतात, यात सगळं आलं.

फरक पडतो का?

इथे उत्साहाला जरा आवर घालायला हवा. 'परिवर्तन'च्या अभ्यासात मुलांच्या मतांमध्ये बदल दिसला. प्रत्यक्ष वागणं किती बदललं, याचा पुरावा तितका ठाम नव्हता. अशा बहुतेक कार्यक्रमांची हीच अडचण आहे. मतं प्रश्नावलीत मोजता येतात. 'चांगली बायको नेहमी नवऱ्याचं ऐकते' असं एक वाक्य द्यायचं आणि सहमत की असहमत ते विचारायचं. बरोबर उत्तर कोणतं हे पोरांना तीन सत्रांत कळतं. घरी गेल्यावर ताट कोण उचलतं हे त्या कागदावर येत नाही.

म्हणून एका दिवसाच्या कार्यशाळेवर माझा विश्वास नाही. वक्ते येतात, शाल-श्रीफळ होतं, पोरं टाळ्या वाजवतात, संध्याकाळी सगळं पूर्ववत. वर्षभर दर आठवड्याला तोच दादा समोर बसला तर मात्र खोटं बोलणं अवघड होतं. त्याला तुमचं घर माहीत होतं, बहीण कितवीत आहे हे माहीत होतं. तिची शाळा सुटली तर पुढच्या गुरुवारी तो विचारणार असतो.

आणि मतं फक्त पुरुषांची बदलायची आहेत असंही नाही. कुटुंब आरोग्य पाहणीत काही कारणांसाठी नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणारे देशातले पुरुष ४४ टक्के होते, तर स्त्रिया ४५ टक्के. मुलाला घडवण्यात आईचाही हात असतो.

परभणीत सुरुवात कुठून होईल?

नवी संस्था काढायची गरज नाही. माणसं आधीच गावात जात आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्यानं वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करायचं असतं, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न परभणीतल्या कॉलेजांत अशी एककं आहेत. यातले बरेच तास ग्रामस्वच्छता, वृक्षारोपण आणि रॅलीत जातात. त्यातले पन्नास तास एका गावातल्या पंधरा मुलांच्या गटाला दिले तर कुठलं झाड मरणार आहे?

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे आणि संलग्न महाविद्यालयांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी 'कृषीदूत' म्हणून गावात राहतात. बीजप्रक्रिया, माती परीक्षण यांची प्रात्यक्षिकं देतात. गावातली पोरं त्यांच्याभोवती जमतात, कारण हा आपल्यासारखाच शेतकऱ्याचा मुलगा आहे आणि शिकलाय. दिवसा बीजप्रक्रिया, संध्याकाळी पारावर गप्पा. दुसऱ्या कुणाला इतकं सहज कुणी ऐकून घेणार नाही.

तिसरी जागा भरतीची मैदानं. पहाटे पाचला पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं तालुक्या-तालुक्यांत दिसतात. त्यांना सराव देणाऱ्या सरांचा शब्द बापापेक्षा वजनदार असतो. उद्या वर्दी घालून घरगुती हिंसाचाराची तक्रार ज्यांनी लिहून घ्यायची आहे, ती हीच मुलं. धावून झाल्यावर पायाचे स्नायू ताणताना दहा मिनिटं त्यांच्याशी बोलायला काय हरकत आहे?

बोलायचं काय, यासाठीही फार लांब जावं लागत नाही. गंगाखेड संत जनाबाईंचं गाव. विठ्ठल जनीसोबत जात्यावर बसतो, तिच्या गोवऱ्या वेचतो, तिचं डोकं विंचरतो, या कथा इथल्या प्रत्येक घरात माहीत आहेत. पंढरीचा देव बाईचं काम करतो आणि आपण त्याला माउली म्हणतो. वारीत लाखो पुरुष एका पुरुष देवाला आई म्हणतात, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. आणि गावी परतल्यावर पाण्याचा तांब्या मात्र बायकोनंच आणून द्यायचा. एखाद्या गटाचं पहिलं सत्र एवढ्यावरच रंगेल.

स्वयंसेवकानं काय सांभाळायचं?

सगळ्यात आधी, उपदेश टाळायचा. पहिले महिना-दोन महिने ऐकायचं. नोकरी, भरती, शेती, मोबाइलवर बघितलेलं, आवडणारी मुलगी, बापाची दारू. मुलं यावरूनच स्वतः मूळ विषयाकडे येतात.

दुसरं, गुप्ततेचं खोटं आश्वासन द्यायचं नाही. गटात अल्पवयीन मुलं असतील आणि कुणी लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, स्वतःवर झालेल्या किंवा दुसऱ्यावर, तर पोक्सो कायद्यानुसार ते कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं. बालविवाहाची कुणकुण लागली तर १०९८, महिलेवर हिंसा होत असेल तर १८१ किंवा ११२. पालकांची आणि शाळेची परवानगी घ्यायची, बैठक उघड्यावर घ्यायची, एकट्या मुलाला बंद खोलीत भेटायचं नाही. हे नियम स्वयंसेवकालाही वाचवतात.

तिसरी गोष्ट स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्या अनेक वर्षं सांगत आल्यात आणि ती बरोबर आहे. पुरुषानं थोडं काही केलं की त्याचा सत्कार होतो. बाई तेच काम तीस वर्षं करते, तिला कुणी विचारत नाही. मुलांच्या कामासाठी निधी आणि लक्ष मुलींच्या कामातून काढून घेतलं तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून गावातल्या अंगणवाडीताई, आशाताई, बचत गटातल्या बाया यांना आधी विचारायचं. कुठल्या घरात काय चाललंय ते त्यांना माहीत असतं आणि कुठल्या पोराशी बोलायला हवं तेही. दादांनी ताईंच्या सल्ल्यानं काम करावं. उलट नको.

चौथं वेळापत्रक. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यानंतर गट सुरू केला तर पोरं फडावर, गाव रिकामं. कॉलेजं जून-जुलैत सुरू होतात. आषाढी ते दिवाळी या चार महिन्यांत आठवड्याला एक बैठक धरली तरी पंधरा-सोळा बैठका होतात. मुकादमाची उचल घरात येण्याआधी एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोराला आई-बापासमोर 'यंदा नको' म्हणायचा सराव करायला तेवढ्या पुरतात.